गाईची साक्ष

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

गुरांची छावणी, बार्शी रस्ता,
सोलापूर
ता. ८ एप्रिल १९७३

ती. सौ. सुंदरम्मा अक्का यांना गुरुलिंगचे शरणू शरणार्थी.

तुमचं पत्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. चन्नप्पा अण्णांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इकडे मी ठीक आहे. ऊन फार आहे. जेवण छावणीतच होतं, तेव्हा त्याची काळजी करू नका.

नीलाचे पुढचे दात पडले आणि ती आता कन्नडच जास्त बोलते असं तुम्ही लिहिलंत. दात शेणात गुंडाळून छपरावर टाकले असतील ना? तिची अव्वा तसं सांगायची. टाकले नसतील तरी हरकत नाही.

बाकी तुम्ही विचारलेल्या गोष्टीबद्दल. बसवजयंतीला नीलाला रीतसर मांडीवर घ्यायचं, स्वामींना सांगून ठेवलं आहे, फक्त माझा होकार हवा, असं तुमचं पत्र आहे. अक्का, तुमचं बरोबरच आहे. सहा वर्षांची पोर, अव्वा गेलेली, बाप शेणाकडब्यात. तुमचं घर आहे, तुम्हा दोघांना मूल नाही, आणि तुमच्या धाकट्या बहिणीचीच ती मुलगी. न पटण्यासारखं त्यात काही नाही. होकार लिहायला म्हणून बसलो होतो. मग काय झालं कळत नाही, कागद बाजूला ठेवला. एवढ्यात छावणीच्या समितीने मला शहरात शिकायला पाठवलं. तेच आधी सांगतो.

तुम्ही छावणी पाहिलेली नाही. दुष्काळात ज्यांच्याकडे चारा उरला नाही ते जनावर आमच्याकडे आणून बांधतात. आम्ही शिंगावर रंगाने नंबर घालतो आणि रोज कडबा, उसाचं वाढं, पेंड देतो. वाटप माझ्याकडे आहे. नियम असा की जनावराबरोबर घरचं एक माणूस राहिलं पाहिजे. आता घरची धडधाकट माणसं सगळी सरकारी कामावर खडी फोडायला गेलेली. मग खडी फोडायला जो उपयोगाचा नाही तो जनावराबरोबर येतो. म्हणजे म्हातारी माणसं आणि पोरं. आमच्याकडे पोरं पुष्कळ आहेत. मी त्यांना नंबरानेच ओळखत होतो. बारा नंबरचा, चाळीस नंबरची, असं. जनावराला रोजचा चारा ठरलेला आहे. पोराला काही ठरलेलं नाही. ते घरून आणलेली भाकरी खातं, ती संपली की दुसऱ्याकडून मागतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण ते माझं खातं नव्हतं.

पोरांसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेच्या प्रधानबाई आल्या होत्या. त्यांनी एका शाळेत आम्हा सगळ्यांना बसवलं. कोण कोण होते म्हणाल तर मी, मजुरांची सुकडी शिजवणारे, हातपंप दुरुस्त करणारे, कामावरचा हजेरी कारकून यशवंत, आणि पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर रज्जाकभाई. यात पोरांच्या कामाचा एकही नाही. रज्जाकभाईंनी पहिल्याच दिवशी उठून विचारलं, "बाई, हम तो पानीवाले. हमारे कू बच्चों का क्या मालूम?"

बाई म्हणाल्या, "टँकर आला की भांडी घेऊन कोण धावतं?"

"बच्चेइच आते."

"मग माझ्यापेक्षा तुम्हीच त्यांना रोज बघता. मी पुण्यात असते."

त्यावर रज्जाकभाई खाली बसले.

बाईंनी आम्हाला सगळ्यांना जमिनीवर उकिडवं बसवलं आणि मधून मोठ्या माणसांना इकडून तिकडे चालायला लावलं. म्हणाल्या, तुमची छावणी पोराला अशी दिसते. मला पाय आणि बादल्या दिसल्या. रज्जाकभाईंना उठता येईना, दोघांनी धरून उठवलं.

शिकवलं ते साधं होतं. एकटं कोण आलंय ते बघायचं. काल रांगेत होतं आणि आज नाही असं कोण, ते बघायचं. आपण स्वतः पोराला घरी न्यायचं नाही, खोटा शब्द द्यायचा नाही, कुणाला कळवायचं ते ठरवून ठेवायचं. आणि कुणी पोराला न्यायला आलं तर नातं पडताळून बघायचं आणि पोराला बाजूला घेऊन विचारायचं. बाई म्हणाल्या, "गप्प बसलं म्हणजे हो म्हणालं असं समजू नका. आणि विचारायचं म्हणजे ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. ठरवायचं मोठ्यांनीच, पण ऐकून ठरवायचं." मला म्हणाल्या, "तुम्ही कडबा वाटता ना? कडबाच वाटा. फक्त मान वर करून वाटा."

मग नाटक करायला लावलं. यशवंत पोर झाला, एवढ्या मिशांसकट, आणि "मी न्हाय जानार" म्हणून भोकाड पसरलं. रज्जाकभाई मामा झाले. "ये मेरा भांजा है, इसकू घर लेके जाता मैं!" सगळे हसत होते. मी पडताळणारा. मला काय विचारावं सुचेना. शेवटी म्हणालो, "तुमच्या भाच्याच्या घरच्या गाईचा रंग कुठला?" रज्जाकभाई अडकले. बाई म्हणाल्या, "छान. घरच्यालाच माहीत असेल असं विचारलंत." मला बरं वाटलं, अक्का. पुष्कळ दिवसांनी कुणी छान म्हणालं.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी विचारलं, घरी मुलं काय? मी म्हणालो, एक मुलगी, मावशीकडे असते, मजेत आहे. त्या बरं म्हणाल्या. नंतर हात धुताना माझ्या मनात आलं की मजेत आहे हे मला तुमच्या पत्रावरूनच माहीत आहे. तुमच्या पत्रावर माझा विश्वास आहे. मग तसं मनात का यावं?

तुमच्या प्रश्नाचं पुढच्या पत्रात नक्की लिहितो. नीलाला सांगा, अप्पा बरा आहे.

आपला,
गुरुलिंग


सोलापूर
ता. १९ एप्रिल १९७३

ती. सौ. अक्कांना शरणार्थी.

तुम्ही रागावलात. "मी पोरीचं विचारते आणि तुम्ही मला शाळेची हकीकत सांगता," हे तुमचं वाक्य मी वाचलं. राग बरोबर आहे. तरीही आज पुन्हा दुसरंच लिहिणार आहे. मला ते कुणाला तरी सांगितलं पाहिजे, आणि पत्र लिहावं असं माझं दुसरं माणूस नाही.

छावणीत एक मुलगी होती, नागू. दहाअकरा वर्षांची. एक बांडी गाय घेऊन आलेली. ती गाय भारी मारकी. मला दोनदा शिंग लागलंय. नागूशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. कडबा टाकायचा तर मी लांबून टाकायचा आणि नागूने ओढून घ्यायचा. बोलणं नाही फारसं. "जास्ती घाला की वो," एवढंच. बाप मागेच वारलेला, आई मीनाबाई लांब पाझर तलावाच्या कामावर. शिकून आल्यावर मी पहिल्यांदा नाव विचारलं ते तिचंच.

मंगळवारी ऐन वाटपाच्या वेळी एक गृहस्थ आले. स्वच्छ धोतर, बरोबर एक म्हातारा. म्हणाले, मी नागूचा चुलता धोंडिराम. तिच्या आईनं पोरीला बोलावलंय, मी तिकडं पोचवतो. गाईपाशी आमचा म्हातारा राहील.

मी शिकलो होतो, अक्का. मी हातातला कडबा खाली ठेवला. गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, बापाचं विचारलं. सगळं बरोबर. तरी मी म्हणालो, जरा गाईपाशी या. ते सरळ दावणीला गेले आणि हात पुढे केला. ती मारकी गाय, तिने मान लांबवली आणि त्यांचा हात चाटायला लागली. मनगटापासून कोपरापर्यंत. ते म्हणाले, "वासरू हुती तवा म्याच पाजलंय तिला. इसरंल व्हय?"

माझी खात्री झाली. माणूस खोटं बोलेल, जनावर कसं बोलेल? मला तर वाटलं, प्रधानबाईंना हे सांगायला हवं, पडताळणीची याहून चांगली रीत नाही. मागे रांगेत लोक ओरडत होते. मी नागूला विचारलं, "काकाबरोबर जातेस ना?" ती काही बोलली नाही. दावणीवरचं आपलं फडकं उचललं, त्यात भाकरी बांधली आणि निघाली. गेटापर्यंत गेली तेव्हा गाय हंबरली. मी पुढचा नंबर घेतला.

काल मीनाबाई आल्या. सुट्टीचा दिवस म्हणून पोरीला बघायला चालत आल्या होत्या. दावणीपाशी सासऱ्याला बघून तिथेच थबकल्या. "माझी नागू कुटं हाय?"

मी म्हणालो, "तुम्हीच बोलावलं ना? काका घेऊन गेले."

"म्या? म्या कशाला बोलावू? तितं सुरुंग उडत्यात, म्हनून तर तिला हितं ठिवली."

म्हाताऱ्याने मान खाली घालून सांगितलं. नागूचं लग्न ठरवलंय. अक्षय तृतीयेला. वैरागच्या अलीकडे एक घर आहे, त्यांच्या विहिरीला या दुष्काळातही पाणी आहे. "पोरगी सुकात ऱ्हाईल," असं तो म्हणत राहिला. सून ऐकणार नाही म्हणून तिला सांगितलं नव्हतं.

मीनाबाई मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी शिकलेलं मानूस. तुमच्या दारात ठिवली हुती की वो."

कालपासून माझं डोकं चालत नाही. मी कुठं चुकलो ते धड हातात येत नाही. चुलता खरा होता. गाय खरंच बोलली. नातं पडताळून बघा असं बाई म्हणाल्या होत्या, ते मी बघितलं. मग पोरगी गेली कशी? बाजूला घेऊन विचारायचं होतं ते मी विचारलं नाही, हे खरं. पण विचारलं असतं तर ती बोलली असती का, हेही मला सांगता येत नाही. मीही लहानपणी कुणी विचारलं तर बोलत नसे. आजही बोलत नाही. नीलाची अव्वा म्हणायची, तुमच्या मनातलं काढायचं म्हणजे कोरड्या विहिरीला मोट लावायची.

प्रधानबाई दुसऱ्या तुकडीसाठी अजून सोलापुरातच आहेत. त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आई आहे ना? मग आईला घेऊन जा. मी पोलीस पाटलांना चिठ्ठी देते. आणि गुरुलिंग, त्या गाईला आता मध्ये आणू नका."

उद्या रज्जाकभाईंचा टँकर त्या बाजूला जातो. मी आणि मीनाबाई त्यातून जाणार. तुमच्या प्रश्नाचं आत्ता माझ्याकडून काही काढू नका, अक्का. मी पोर द्यायच्या-घ्यायच्या गोष्टीवर लिहायला बसलो की मला फडक्यात भाकरी बांधणारी ती पोरगी दिसते. तुम्ही धोंडिराम नव्हे. हे मला माहीत आहे. तुम्ही तसं मनात आणू नका.

घाईत,
गुरुलिंग


सोलापूर
ता. २९ एप्रिल १९७३, रविवार

ती. सौ. अक्कांना आणि अण्णांना शरणार्थी.

तुमचं कार्ड आलं. त्यात नीलाबद्दल एक अक्षर नव्हतं, फक्त "नागू मिळाली का ते कळवा" एवढंच होतं. ते वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मिळाली. हकीकत सांगतो.

टँकर गावात शिरला तसे लोक घागरी घेऊन धावले आणि आम्ही त्या गर्दीतून धोंडिरामाच्या घरी गेलो. पोलीस पाटील बरोबर होते. नागू उंबऱ्यावर बसली होती. केस विंचरलेले, हातात नवीन हिरव्या बांगड्या, वाटीत दूध. खरं सांगतो अक्का, छावणीत होती त्यापेक्षा ती अंगाने बरी दिसत होती. 

धोंडिराम बाहेर आले. "या की, छावणीवालं. पोरीला काय मारलंय का झोडलंय, हात लावून बगा."

मीनाबाई म्हणाल्या, "भावजी, म्या अजून जित्ती हाय. मला न इचारता लगीन?"

"इचारून काय हुतंय? तू तिला खडीवर नेनार. सुरुंगाचा दगड डोस्क्यात बसला म्हंजे मग? तिच्या सासरी हिरीला पानी हाय, दोन येळची भाकरी हाय. लगीन लावतोय, इकत न्हाय."

"पानी हाय म्हनून लेकराला हिरीत ढकलशील व्हय?"

पाटील म्हणाले, "धोंडिबा, पोरीचं वय किती? कायदा नको म्हणतो."

"कायद्याला म्हनावं आदी पाऊस पाड."

यावर पाटलांनाही हसू आलं.  मी धोंडिरामाकडे बघत होतो. त्याच्या गालफडांची हाडं वर आली होती. त्याच्या स्वतःच्या दोन पोरी दारामागून बघत होत्या, त्यांच्या हातात वाटी नव्हती. मला त्याचा राग आणायचा होता. धड आला नाही.

मी म्हणालो, मला नागूशी बोलायचंय, एकटीशी. धोंडिराम म्हणाले, "बोला की. ती काय बोलनार? तिला काय कळतंय?"

तिला टँकरच्या सावलीत नेलं. मी उकिडवा बसलो. अक्का, मला पोराशी बोलता येत नाही. घरी ते काम नीलाच्या अव्वाचं होतं. मी म्हणालो, "गाय बरी आहे."

"चारा खाती?"

"खाते. म्हातारा घालतो."

"त्याला मारती का?"

"मारते."

ती थोडी हसली. मग मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला विचारलं, तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"मला कवा इचारलं?"

"अगं, तुलाच विचारलं की. जातेस ना म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. "पन तुमी गाईकडं बगत हुता."

 वरून रज्जाकभाई ओरडले, "अरे जल्दी करो मियाँ, मेरा पानी गरम होरा!" मी त्यांना हाताने थांबवलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "आता सांग."

तिने पुष्कळ वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मला मधे बोलावंसं वाटत होतं. तुला आईकडे जायचंय ना, असं तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं. शेवटी ती म्हणाली, "काकी चांगली हाय. हितं दूद मिळतंय."  मग म्हणाली, "पन आय कुटं हाय ते मला दिसाया पायजे. हितनं दिसत न्हाय."

एवढंच. ते मी जसंच्या तसं आत जाऊन सांगितलं. दुधाचंही सांगितलं. मीनाबाई रडायला लागल्या. धोंडिराम भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "न्या मग. उद्या उपाशी ठिवू नका म्हंजे झालं." बांगड्या त्याच्या बायकोने काढल्या नाहीत, राहू दिल्या.

आता नागू आईजवळ कामावर आहे. तिथे सावली नाही. यशवंत त्याच कामावर हजेरी घेतो, त्याला सांगितलंय की सुरुंगाची शिट्टी झाली की पोरांना आधी लांब न्यायचं, आणि सुकडीच्या रांगेत ती आहे का बघायचं. तो बघतो म्हणाला. गाय मात्र इकडेच आहे, म्हाताऱ्यापाशी. नागू निघताना गाईला भेटायला आली तेव्हा जी रडली, तशी ती काकाच्या घरून निघतानाही रडली नव्हती आणि आईला बघूनही. आई मिळाली, दूध गेलं, गाय गेली. हे मी बरं केलं की वाईट केलं? प्रधानबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही पुष्कळदा कळत नाही." मला वाटलं होतं त्यांना कळत असेल.

आता नीलाचं लिहितो.

माघात मी अक्कलकोटला आलो होतो. तुम्हाला माहीत नाही. रुमालात बोरं घेऊन तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. तुम्ही ओट्यावर बसून नीलाची वेणी घालत होता, कन्नडमध्ये काहीतरी सांगत होता, आणि ती मोठ्याने हसत होती. तिची अव्वा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मी पुढे आलो असतो तर ते हसू थांबलं असतं असं मला वाटलं. मला बघून तिला सोलापूरचं घर आठवलं असतं, ती खाट, ते सगळं. मी परत स्टँडवर गेलो. बोरं गाडीत शेजारच्या बाईच्या पोरांना दिली. त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं की पोर तुमचीच. तरी तुम्ही कागदावर विचारलंत तेव्हा मला लिहिता आलं नाही.

आणि त्याच्याही आधीचं. माती दिल्यानंतर मी तिला तुमच्याकडे सोडायला आलो तो दिवस. तुम्ही आत पाणी आणायला गेला होता. मी तिला म्हणालो, "राहतेस ना मावशीजवळ?" ती बोलली नाही. मी हो समजलो. अक्का, मी तेव्हा रस्त्याकडे बघत होतो. सोलापूरची गाडी वळून येत होती आणि ती चुकू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचं तोंड कसं होतं ते मला आठवत नाही. मी आठवायचा फार प्रयत्न केला. झगा आठवतो. तोंड आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? मीही तेच म्हणतो. आणि लगेच मला धोंडिराम आठवतो, "तिला काय कळतंय." तुम्ही तिची खरी मावशी आहात. मी खरा बाप आहे. गाय आपल्या दोघांचेही हात चाटेल. त्यावरून काहीच ठरत नाही, हे मला कळलंय. कशावरून ठरतं ते कळलेलं नाही.

मी बुधवारी सकाळच्या गाडीने येतो. स्वामींना नाही म्हणून कळवू नका, पण पक्कंही सांगू नका. माझी एक विनंती आहे आणि ती तुम्हाला लागेल. मी येणार हे नीलाला सांगा, पण कशासाठी ते सांगू नका. नवा झगा घालू नका. मीही खाऊ आणणार नाही. तुमच्या परसात आम्हा दोघांना थोडा वेळ बसू द्या. तुम्ही आत राहा. ती काय म्हणाली ते मी तुम्हाला शब्द न बदलता सांगेन, मला नको असलेलं असलं तरी. मग आपण तिघं बसून ठरवू, तुम्ही, अण्णा आणि मी. ओझं तिच्यावर टाकायचं नाही.

मला कोणतं उत्तर हवंय? प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीत नाही. तिला तुमच्याजवळ राहायचं असेल तर बसवजयंतीला मी स्वतः तिला उचलून तुमच्या मांडीवर बसवीन, आणि जेवून जाईन, उपाशी निघणार नाही. तिला माझ्याकडे यायचं असेल तर मला तुमच्याकडे काही दिवस ठेवून घ्या आणि वेणी घालायला शिकवा. दुसरं तर मला काहीच येत नाही. पावसापर्यंत छावणी आहे, तिथे तिला कुठे ठेवणार हेही ठरलेलं नाही.

आणि ती गप्प बसली, तर ते हो धरायचं नाही. तुमच्या बाजूने नाही आणि माझ्याही बाजूने नाही. मग मी संध्याकाळची गाडी सोडून देईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यासमोर बसेन.

तुम्हा दोघांना शरणार्थी. नीलाला आत्ता काही सांगू नका.

सिद्धम्माचा नवरा आणि नीलाचा अप्पा,
गुरुलिंग